अण्णा नगरावरून गेलेली सावली

चेन्नईत पाऊस संपला हे मला डोळ्यांआधी कानांना कळतं. इथला पाऊस दिवाळीच्या आगेमागे समुद्रावरून येतो आणि डिसेंबर अर्धा सरेपर्यंत हलत नाही. तोवर माझी दुर्बीण गोधडीत गुंडाळलेली, भिंगांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि मी खिडकीशी. मग एका पहाटे कोपऱ्यावरच्या पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळातला लाऊडस्पीकर खरखरतो, कुणीतरी माइकवर फुंकर मारतं आणि भजन सुरू होतं. मार्गळी लागली. तमिळ लोकांचा हा महिना. बायका उजाडायच्या आत दारापुढे पाणी मारून तांदळाच्या पिठाचं कोलम, ठिपके जोडून काढलेली इथली रांगोळी, घालतात आणि फिरायला निघालेले आजोबा माकडटोप्या चढवतात. मी मूळची उदगीरची. आमच्याकडे डिसेंबरात बादलीतल्या पाण्यानं बोटं बधिर होतात, त्यामुळे इथली माकडटोपी पाहिली की मला हसू येतं. पण मान वर केली की हसू विसरते. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं असतं.

काल पहाटे तो स्पीकर पुन्हा खरखरला आणि मी अंथरुणात उठून बसले. काहीही कारण नव्हतं. मग लक्षात आलं की कारण आहे. मागच्या एका मार्गळीत जे घडलं, त्याची सवय शरीराला लागली आहे.

माझा नाद सांगायला सोपा आहे, पटवायला अवघड. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरतायत, लघुग्रह. त्यातला एखादा कधीतरी दूरच्या एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढून जातो आणि तारा क्षणभर झाकला जातो. याला पिधान म्हणतात. तारा इतका लांब असतो की त्याचा उजेड सरळ, एकसारखा येतो. म्हणून त्या दगडाची सावली पृथ्वीवर पडते ती पसरत नाही की आखडत नाही. दगड जेवढा, सावली तेवढी. ती सावली समुद्र, डोंगर, झोपलेली गावं असं सगळं ओलांडत बंदुकीच्या गोळीपेक्षा वेगानं निघून जाते आणि कुणाला काही कळत नाही. ज्याची दुर्बीण त्या वेळी त्या ताऱ्याकडे लागलेली असते, त्याला तेवढं दिसतं: तारा होता, नाही, आहे. हे "नाही" किती वेळ होतं यावरून दगड त्या रेषेवर किती रुंद ते काढता येतं. वेगवेगळ्या गच्च्यांवर बसलेल्या माणसांच्या रेषा एकाखाली एक मांडल्या की दगडाचा आकार उभा राहतो. मोठमोठ्या दुर्बिणींतून जो नुसता ठिपका दिसतो, त्याचं माप आम्ही पाण्याच्या टाकीशेजारी बसून घेतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते.

बाबांनाही सांगितलं. बाबा गवंडी. उभं आयुष्य ओळंबा आणि दोरी घेऊन दुसऱ्यांच्या भिंती सरळ केल्या. फोनवर शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे दगडाची सावली मोजायची. त्याला इंजिनिअर व्हावं लागतं का?"

"लागतं," मी म्हटलं.

"मग बरं झालं तुला केलं ते."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, लपवत नाही आणि लाजतही नाही. पण पहिली असण्याचं एक ओझं असतं. तुम्हाला नापास होण्याची सोय नसते. घरात कुणी नापास होऊन पुन्हा उभं राहिलेलं तुम्ही पाहिलेलंच नसतं. त्यामुळे निकाल लागेल अशाच ठिकाणी उभं राहायची सवय लागते. या नादानं माझी ती खोड मोडायची होती, आणि ती त्या मार्गळीतच मोडायची होती.

पिधानं टिपणाऱ्या आमच्या गटाचे प्रमुख मूर्ती सर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, त्यात कौतुक त्याहून मोजकं. त्यांनी सगळ्यांना शोळिंगनल्लूरला बोलावलं. माझं ऑफिस तिथंच. सरांनी टेबलावर शहराचा नकाशा पसरला. एक लघुग्रह पुनर्वसूजवळच्या एका फिकट ताऱ्याला झाकणार होता, पहाटे, भजनाच्या वेळेला. सावली समुद्रावरून येऊन शहराच्या दक्षिण भागावरून पश्चिमेला जाणार. शोळिंगनल्लूर बरोबर मधोमध. तिथं बसलेल्याला तारा विझलेला दिसणारच.

"या दगडाबद्दल एक शंका आहे," सर म्हणाले. "मागे परदेशात एकाला मुख्य सावलीच्या बरंच बाहेर बसूनही तारा क्षणभर मिटलेला दिसला. एकट्याला. कदाचित या दगडाला चंद्र असेल, त्याच्याभोवती फिरणारा छोटा दगड. कदाचित त्याच्या दुर्बिणीपुढून वटवाघूळ गेलं असेल."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी नकाशावर वर उत्तरेकडे आडवी रेघ ओढली. ती बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमधून निघून सरळ अण्णा नगरात आली. "या रेघेवर दोघं बसा. एकाला दिसलं तर मी मानणार नाही. दोघांना दिसलं, आधी जॉर्ज टाउनला आणि लगेच अण्णा नगरला, तर मानीन. वटवाघूळ इतक्या वेगानं उडत नाही."

जॉर्ज टाउनचा प्रश्न नव्हता, तिथं इळंगो होता. नट-बोल्टचा घाऊक व्यापारी, दुकानाच्या वर घर, घराच्या वर दुर्बीण. अण्णा नगरला मी भाड्यानं राहते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला शोळिंगनल्लूरच हवं होतं. हमखास दिसणारी जागा.

"सर, आणि तिकडे काहीच दिसलं नाही तर?"

"तर 'दिसलं नाही' असं लिहून पाठव. तिथं चंद्र नव्हता हे तरी कळेल."

निघताना इळंगो मला म्हणाला, "मॅडम, आपल्याला बाउंड्रीवर फील्डिंगला उभं केलंय. बॉल येईल असं नाही. पण आला तर कॅच सोडायचा नाही."

मी त्याला म्हटलं, "तू झोपू नकोस म्हणजे झालं."

मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहते त्या सरोजाक्का. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, वीज ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. त्यांचं मराठी ऐकलं की मला वाटतं जुन्या पोथीतून कुणी बोलतंय आणि मधेच तमिळमध्ये हाक मारतंय. माझं मराठी त्यांना धसमुसळं वाटतं. "तुझी भाषा धांवते, कन्ना," लाडानं म्हणतात. खाली त्या आणि त्यांची सून विजी. विजी बँकेत, तेव्हा तिला सातवा महिना. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी.

पहाटे गच्चीवर दिवा लावू नका, एवढंच सांगायला मी खाली गेले होते. कशासाठी म्हणून विचारलं तर मी सांगितलं, आणि माझ्या तोंडून एक शब्द गेला: ताऱ्याचं ग्रहण.

अक्कांनी हातातली तुरीची डाळ खाली ठेवली. "ग्रहण? पंचांगांत नाहीं की."

"पंचांगात नसतं हे, अक्का. फार बारीक असतं."

"बारीक असो. ग्रहण तें ग्रहण. कोणतें नक्षत्र?"

"पुनर्वसूपाशी."

अक्कांचा चेहरा उतरला. विजीचं नक्षत्र पुनर्वसू. मी तिथेच जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. विजी दाराशी उभी राहून मला डोळ्यांनी दटावत होती.

"स्पर्श कधीं, मोक्ष कधीं? नीट सांग. स्नान करायला हवें."

"अक्का, डोळ्याचं पातं लवायच्या आत स्पर्शही होतो आणि मोक्षही."

त्या विचारात पडल्या. "मग दोन स्नानें कशीं करायचीं?"

"एकाच तांब्यात," विजी म्हणाली. "अर्धा स्पर्शाचा, अर्धा मोक्षाचा."

"तूं गप्प. तूं त्या वेळीं खोलींतून बाहेर यायचें नाहीं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर लोणच्याच्या बरण्यांवर दर्भाच्या काड्या. दह्यावर दर्भ, पिण्याच्या पाण्यावर दर्भ. संध्याकाळी अक्का गल्लीत फिरून आल्या. समोरच्या, शेजारच्या, कोपऱ्यावरच्या, सगळ्या घरांत सांगून आल्या की उद्या पहाटे पुनर्वसूला ग्रहण आहे, वरच्या मजल्यावरची इंजिनिअर मुलगी म्हणाली. मोक्ष होईपर्यंत चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, दारापुढचं कोलम नंतर. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. विज्ञान शिकलेली मी, आणि माझ्या नावानं अख्खी गल्ली ग्रहण पाळणार. मी विजीला म्हटलं, यांना थांबव. ती म्हणाली, "मला खोलीत कोंडलंय ते आधी बघ."

पण पहाटे गच्चीवर गेले आणि पायरीवरच थबकले. अण्णा नगरात मी इतका अंधार कधीच पाहिला नव्हता. एरवी प्रत्येक दारावर पांढरा दिवा, गेटवर दिवा, जिन्यात दिवा. आज आमची गल्ली शाईत बुडवून काढल्यासारखी. पश्चिमेला कललेले पुनर्वसूचे दोन तारे, आणि त्यांच्या आसपास असे बारीक तारे, जे मी या गच्चीवरून कधी मोजलेच नव्हते. मला हवा होता तो तारा, जो शोधताना एरवी मान मोडायची, तो पहिल्याच प्रयत्नात स्क्रीनवर आला आणि ठिपका म्हणून स्थिर बसला. अक्कांनी पंचांगाबाहेरचं ग्रहण पाळून मला आभाळ काढून दिलं होतं. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. विज्ञानाची बाजू नंतर सांभाळू म्हटलं.

विजीला राहवेना. बाहेर यायचं नाही हे कबूल, पण फोन तर खोलीत चालतो. मी माझी स्क्रीन तिच्या फोनवर चालू करून दिली. अक्का माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, ओल्या केसांना पंचा गुंडाळून, हातात जपमाळ. पायाशी तांब्या.

"हाच का तो? एवढाच?"

"एवढाच."

"आणि तुझा तो दगड कोठें?"

"तो दिसत नाही. फक्त त्याची सावली येईल."

"किती माणसें बसलींत अशीं?"

मी सांगितलं. शोळिंगनल्लूरला कोण, त्याच्या खाली कोण, इकडे इळंगो. प्रत्येकाकडून दोन ठिपके येतील, तारा जिथं गेला तो आणि जिथं परत आला तो. ठिपके जोडून आकार.

"कोलमसारखें. आधीं ठिपके," अक्का म्हणाल्या, आणि जप करू लागल्या.

इळंगोचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, समुद्रावरून ढग येतोय. पातळ आहे, पण येतोय. तारा धुरकटलाय."

"कॅमेरा बंद करू नकोस."

"बंद करत नाही. पण डोळ्यांना काही दिसेल असं वाटत नाही. कॅच तुमच्याकडेच."

फोन ठेवून मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. ढग त्याच्यावर असेल आणि मला एकटीलाच दिसलं, तर ते न दिसल्यासारखंच. सरांची अट होती, आणि ती बरोबरही होती. त्या क्षणी मला कळलं की मला पास व्हायचं नव्हतं. मला तो चंद्र हवा होता. तो असावा, आणि आम्हा दोघांना मिळून सापडावा, असं फार जोरात वाटत होतं.

शोळिंगनल्लूरच्या सावलीची वेळ जवळ आली. मी पापणी हलवायची नाही असं ठरवलं. देवळातलं भजन एका कडव्यावर चढलं. स्क्रीनवर ठिपका थरथरत होता, गार हवेत थरथरतो तसा. होता. होता. होता.

नाही.

आहे.

आवाज आला तो खालच्या खोलीतून. विजी ओरडली, "अय्यो, गेला गेला, आला!" आणि अक्कांनी "झाला मोक्ष?" विचारत पुरा तांब्या स्वतःवर ओतला, त्यातला निम्मा माझ्या पायांवर. मी हसत होते आणि रडत होते आणि एका हातानं वायरी पाण्यापासून वाचवत होते. गल्लीत एकेक दिवा लागू लागला. कुठल्या तरी घरातून तव्याचा आवाज आला.

पण विजीनं पाहिलं ते माझ्याच स्क्रीनवर. ती माझीच साक्ष झाली, दुसरी नव्हे. इळंगोला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलून म्हणाला, "ढग. मला काही दिसलं नाही, मॅडम." मग म्हणाला, "तुम्हाला?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आपल्या चित्रात तेच शोधत बसला असता. हे सरांनी शिकवलेलं. "रेकॉर्डिंग घेऊन शोळिंगनल्लूरला ये," एवढंच म्हटलं, आणि आवाज सपाट ठेवायला जे कष्ट पडले ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत पडले नव्हते.

ऑफिसच्या रस्त्यावर एक छोटं टिफिनचं हॉटेल आहे. आमचा गट तिथं टेबलं जोडून बसला होता. खिचडीसारख्या पोंगलवर तुपाची धार, मिरे, वड्यांच्या ताटल्या, आणि त्यामधे सरांचा लॅपटॉप, सांबारापासून जेमतेम वाचवलेला. दक्षिणेकडच्या सगळ्यांना तारा विझलेला दिसला होता. ते एकमेकांच्या पाठीवर थापा देत होते. मी माझी फाइल दिली. सरांनी ती चालवली. ताऱ्याच्या उजेडाची आडवी रेघ सरकत गेली, आणि एके ठिकाणी सरळ विहिरीसारखी खाली पडून परत वर आली. सगळे लॅपटॉपवर वाकले.

"वटवाघूळ असू शकतं," सर म्हणाले. पण कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला होता.

इळंगो उशिरा आला. हेल्मेट काखेत, तोंड पाडून. "मी आधीच सांगतो, माझ्यात काही नाही. ढग होता. वाढदिवसाला रिकामं पाकीट दिल्यासारखं वाटतंय, पण घ्या."

त्याची रेघ उघडली तर ती खाचखळग्यांच्या रस्त्यासारखी. ढगानं तारा वरखाली केलेला. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, काही अर्थ लागेना. इळंगो हातातल्या वड्याकडे बघत बसला. सरांनी त्याच चित्रातल्या दुसऱ्या एका ताऱ्याची रेघ काढली, जवळच्याच, जो झाकला जाणार नव्हता. ढगानं दोघांनाही सारखंच झाकलेलं असणार. मग एका रेघेला दुसरीनं भागलं. ढग निघून गेला. खरंच, टेबलावरचा फडका फिरवावा तसा निघून गेला. रेघ सपाट झाली, आणि तिच्यात एक विहीर उरली. माझ्याच विहिरीएवढी खोल. माझ्यापेक्षा किंचित आधी. समुद्राकडून आलेल्या सावलीला जॉर्ज टाउनहून अण्णा नगरला यायला जेवढं लागेल, तेवढंच आधी.

इळंगोनं वडा ताटलीत ठेवला. "हे माझं आहे?"

"तुझंच," सर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "आहे. चंद्र आहे. मी मानतो."

त्यानंतर काय काय बोललो ते नीट आठवत नाही. इळंगो वेटरला समजावत होता की आपल्या रस्त्यावरून चंद्र गेला, आणि वेटर विचारत होता की मग अजून एक प्लेट आणू का. मी हिशोब करत होते. विहिरीची रुंदी, सावलीचा वेग, गुणाकार. पुन्हा केला, कारण उत्तर फारच गोड होतं. आमच्या रेषेवर तो चंद्र साधारण अण्णा नगराएवढा लांब होता. एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला जावं आणि नाश्त्याच्या वेळी घरी परत यावं, एवढासा. कोट्यवधी किलोमीटरवर, दुसऱ्या एका दगडाभोवती फिरणारा.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बसनं आले आणि आलंदूरला मेट्रो धरली. डब्यात नेहमीसारखी गर्दी, कुणी फुलांची पुडी धरून, कुणी झोपेत. कोयंबेडू गेलं. तिरुमंगलमची घोषणा झाली आणि मी एकदम ताठ उभी राहिले, कारण अण्णा नगर तिथून लागतं, म्हणजे चंद्रही तिथून सुरू होत होता. माझ्या पायाखाली, भुयारात. गाडी त्याच्या पोटातून चालली होती. अण्णा नगर टॉवर आलं. माझं स्टेशन. दारं उघडली, लोक उतरले, शेजारच्या बाईंनी मला वाट दिली. मी उतरले नाही. दारं मिटली. पुढे अण्णा नगर ईस्ट, मग अंधार, मग शेनॉय नगरचा फलाट सरकत आला. चंद्राचं दुसरं टोक. तिथं मी उतरले, समोरच्या फलाटावर गेले, आणि पुन्हा एकदा तो ओलांडण्यासाठी उलट दिशेच्या गाडीत चढले.